राहुटीखालची स्त्री

सागरच्या मुलखातील सलोहदा नावाच्या गावाजवळ एक आमराई होती, आणि त्या आमराईत कॅप्टन विल्यम हेन्री स्लीमन याचा तळ पडला होता. त्याच्याबरोबर त्याची पत्नी आमेली होती, बेड्या घातलेला फिरंगिया नावाचा एक कैदी होता, आणि नेहमीचा लवाजमा होता. 1830 च्या अखेरीस पकडला गेलेला हा फिरंगिया ठगांच्या जमादारांपैकी अत्यंत नामांकित. जीवदानाच्या अटीवर तो माफीचा साक्षीदार होण्यास राजी झाला होता, पण त्याने सांगितलेल्या हत्यांची संख्या ऐकून खुद्द स्लीमनचाच विश्वास बसेना. तेव्हा त्याने संध्याकाळी त्याच आमराईत फिरून तीन जागा दाखवल्या. एक पंडित व त्याची सहा माणसे 1818 साली मारली, ती साहेबांच्या निजायच्या राहुटीच्या तणाव्यांखाली आहेत. एक हवालदार व चार शिपाई 1824 साली मारले, ते घोडे बांधले आहेत तेथे आहेत. आणि पंडितानंतर थोड्याच दिवसांनी मारलेले गंगेच्या पाण्याच्या कावडी वाहणारे काही ब्राह्मण व एक स्त्री, ही प्रत्यक्ष राहुटीच्या आत, बिछान्याखाली आहेत, असे त्याने शांतपणे सांगितले.

जमिनीवर हिरवळ दाट माजलेली होती आणि ती कधी काळी खणली गेली असावी असे एकही चिन्ह दिसत नव्हते. सकाळी आसपासच्या गावांतील रयत आणि ठाणेदार यांना बोलावून स्लीमनने प्रथम हवालदाराची जागा खणावयास लावली. पाच फूट खोल गेले तरी माती आणि मातीच. जमलेल्या मंडळींची खात्री होत चालली की साहेब एका वेड्याच्या नादी लागला आहे. परंतु कैद्याच्या मुद्रेवर जी निश्चिंतता होती ती पाहून साहेबाने काम पुढे चालवले, आणि अखेर जबानीत सांगितल्या होत्या त्याच क्रमाने रचलेल्या शिपायांच्या अस्थी हाती लागल्या. आमेली मात्र रात्रभर राहुटीतल्या त्या खड्ड्यावर निजली होती. पुढे तिने अनेकदा सांगितले की इतकी भयंकर स्वप्ने पडलेली रात्र आपण आयुष्यात दुसरी अनुभवली नाही.

स्लीमनच्या लेखणीतून उतरलेला हा वृत्तांत ज्याने वाचला त्याच्या स्मरणात राहते ती बहुधा राहुटीत निजलेली आमेली. मला मात्र तिच्या खाली निजलेल्या त्या दुसऱ्या स्त्रीपाशी थांबावेसे वाटते. ती कोण? कावडवाल्यांपैकी कोणाची पत्नी, की एकटीने प्रवास करणे धोक्याचे म्हणून त्यांच्या सोबतीचा आश्रय घेतलेली एखादी विधवा? काशीप्रयागाहून परतत होती, की माहेरी चालली होती? तिच्या उदरात काही अंकुर होता की काय, तिच्यामागे कोणी लेकरू वाट पाहत राहिले की काय, यांतील एकाही प्रश्नाला दप्तरात उत्तर नाही. ती नाहीशी झाली त्या काळी तिच्यासाठी कोणी फिर्याद दिली नाही, आणि ती सापडली तेव्हा तिला ओळखणारे तेथे कोणी नव्हते. पण तिला का मारले, याविषयी गेल्या दोनशे वर्षांत जी मते मांडली गेली ती एकमेकांना छेद देणारी आहेत. आणि त्या मतांची कसोटी पाहावयाची तर हवालदाराच्या खड्ड्यापेक्षा या स्त्रीच्या खड्ड्याशीच पाहिली पाहिजे, अशी माझी धारणा आहे. कारण तिला मारणे ठगांच्या स्वतःच्या शास्त्राप्रमाणेच निषिद्ध होते.

त्या वेळचा हा मुलूख कसा होता ते ध्यानात घेतले पाहिजे. जबलपूर हे 1817 च्या डिसेंबरपर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. सागरचा परगणा गोविंदपंत बुंदेल्यांच्या वंशजांकडे, म्हणजे पर्यायाने पेशव्यांकडे होता. सीताबर्डीच्या लढाईनंतर आणि पेशवाईच्या अस्तानंतर हा सारा टापू ‘सागर व नर्मदा प्रदेश’ या नावाने कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. नागपुराहून शिवनी, लखनादौन, जबलपूर, आणि तेथून मिर्झापूर असा जो दक्षिणोत्तर रस्ता, तो सावकारांच्या हुंड्या आणि रोकड घेऊन जाणाऱ्या माणसांचा होता, फौजेतून रजेवर निघालेल्या शिपायांचा होता, आणि तितकाच आपल्याकडच्या काशीयात्रेकरूंचाही होता. यात्रेला निघालेल्या माणसाचा निरोप घरची मंडळी त्या काळी शेवटचाच समजून घेत असत. वर्ष गेले, दोन वर्षे गेली, तरी ‘वाटेत पटकी झाली असेल’, ‘वाघाने खाल्ले असेल’, ‘काशीतच देह ठेवला असेल’ यांपैकी एखादे समाधान करून घेऊन घर शांत होई. माणूस नाहीसा होणे हीच मुळी ज्या काळात बातमी नव्हती, त्या काळात त्याचा खून झाला असे म्हणणार कोण?

स्वतः स्लीमनच याचा साक्षीदार आहे. 1822 ते 1824 या तीन वर्षांत तो नरसिंहपूर जिल्ह्याचा मुलकी अधिकारी होता, आणि त्या जिल्ह्यातील साधी चोरीसुद्धा आपल्या कानी आल्यावाचून राहत नाही अशी त्याची समजूत होती. पुढे त्यालाच कळले की त्याच्या कचेरीपासून चारशे वारांच्या आत, कंदेली गावात, ठगांची एक टोळी घरे करून राहत होती. आणि एका मजलेवर असलेल्या मंदेसरच्या आमराया म्हणजे हिंदुस्थानातील मोठ्यात मोठ्या ‘बेलां’पैकी एक होत्या. बेल म्हणजे ठगांच्या सांकेतिक बोलीत मारण्यापुरण्याची नेमलेली जागा. ही गोष्ट आपणास तेव्हा कोणी सांगितली असती तर त्याला आपण मूर्ख किंवा वेडा ठरवले असते, असे त्याने निखालसपणे लिहून ठेवले आहे. हा कबुलीजबाब मला त्याच्या चरित्रातील फार सन्मान्य गोष्ट वाटतो.

त्या बोलीला ‘रामसी’ म्हणत, आणि तिचा कोश स्लीमनने 1836 साली कलकत्त्यास ‘रामसीआना’ या नावाने छापला. त्यात सावजाला शब्द आहे तो ‘बनिज’, म्हणजे व्यापाराचा माल. गोड बोलून सावजाचा विश्वास संपादणारा तो सोथा, खड्डा खणणारा तो लुघा, आणि रुमालाचा फास टाकणाऱ्याला वेगळी पदवी. ही पदवी मिळावयास पुष्कळ वर्षांची उमेदवारी लागे. याच कोशात कोणास मारू नये याची यादी येते. स्त्रिया, फकीर, भाट, गवई, नर्तक, तेली, धोबी, महारोगी व पंगू, आणि भरलेल्या घटांनी गंगाजल नेणारे कावडवाले. घट रिकामे असतील तर मात्र निषेध नाही! आता सलोहद्याच्या खड्ड्याकडे वळून पाहा. एकाच खड्ड्यात कावडवाले आणि स्त्री. कावडवाल्यांचे घट रिकामे असतील असे म्हणता येईल. स्त्रीच्या बाबतीत तशी कोणतीही पळवाट शास्त्रात नव्हती.

याच कोशातील दुसरा एक शब्द वाचताना मन विशेष अस्वस्थ होते. तो ‘इतक’. आपल्या सुतकासोयराचा हा सख्खा भाऊ. ठगाच्या घरी जन्म किंवा मृत्यू झाला, इतकेच नव्हे तर घरची घोडी, गाय, कुत्री किंवा मांजरी व्याली, तरी त्याला इतक लागे आणि ठरलेले दिवस तो मोहिमेवर जात नसे. घरात प्रसूती झाली म्हणून ज्याने पाऊल मागे घ्यावे, त्यानेच रस्त्यावर दुसऱ्याच्या लेकुरवाळीला रुमालाने आवळावे, ही गोष्ट आपल्या मनाला पटत नाही. पण घडत होती ती अशी.

लखनादौनचा प्रसंग याचा सर्वांत दारुण दाखला आहे. जबलपूरहून नागपूरकडे निघाले की हे गाव आजही वाटेवर लागते. बंदे अली नावाचा एक मुनशी, जालन्याच्या छावणीतील जनरल डव्हटन याच्या पदरचा, थोरल्या मुलीच्या लग्नासाठी कुटुंबकबिल्यासह उत्तरेकडे चालला होता. वाटेत ठगांच्या टोळीने त्याच्याशी सलगी केली. लखनादौनला शेजारीच इंग्रजी फौजेची तुकडी तळ देऊन होती, त्यामुळे मुनशी अधिकच निर्धास्त होता, आणि राहुटीच्या दारात ठग सतार वाजवून गात होते ते तो ऐकत होता. मग इशारा झाला. आतून ओरडण्याचा आवाज उठताच बाहेरच्यांनी घोडे सुटल्याचा गलबला केला, म्हणजे छावणीपर्यंत किंकाळी पोहोचली तरी ती त्या गोंधळात विरून जावी. मुनशी गेला, त्याची पत्नी गेली. तिच्याजवळचे तान्हे मूल एका ठगाने उचलून घेतले. पोटच्या पोराप्रमाणे वाढवावे असे त्याच्या मनात आले असावे. पण साथीदार म्हणाले की हे मूल कोणी ओळखले तर सर्वांच्या गळ्याशी येईल. तेव्हा त्याने ते जिवंतच त्या खड्ड्यात टाकले आणि वर माती लोटली. पुढे माफीचे साक्षीदार झालेल्या माणसांनी ही हकीकत जबानीत सांगितली, आणि ती त्यांच्याच शब्दांत नोंदली गेली.

या हत्या का झाल्या, याविषयीची पहिली उपपत्ती खुद्द ठगांची आहे, आणि ती सहसा गंभीरपणे घेतली जात नाही हे नवल. त्यांच्या मते प्रश्न ‘का मारले’ हा नव्हताच. बनिज भवानीने धाडलेले असते, माणूस केवळ निमित्त. प्रश्न होता तो ‘आपला नाश का झाला’ हा. आणि त्याचे उत्तर त्यांतील बहुतेकांनी स्त्रियांच्या हत्येत शोधले. कालीबीबी नावाच्या स्त्रीचा खून आणि ‘मोगलाणी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुसरीचा खून, या दोहोंमुळे देवीची कृपा उठली असे ते सांगत. हिंदू ठग दोष मुसलमान ठगांच्या माथी मारीत, दक्षिणेकडचे हिंदुस्थान्यांच्या आणि हिंदुस्थानी दक्षिणेकडच्यांच्या. स्लीमनने फिरंगियाला विचारले की मोगलाणी तर सुंदर होती म्हणतात, मग तिला कसे मारलेत? त्याने सांगितले की आमच्यापैकी कोणी तिच्या पालखीजवळही गेला नाही. जे गेले ते मुसलमानच, आणि फास टाकला तोही त्यांच्यापैकीच एकाने.

त्याच संभाषणात फिरंगिया अशी एक आठवण सांगतो की जी मराठी वाचकाने विसरू नये. त्या संभाषणाच्या सुमारे तेरा वर्षे आधी राजपुतान्यातून दीडशे ठगांची टोळी जात असता दुसऱ्या बाजीरावाच्या पदरची एक दासी पुण्याहून कानपुराकडे चाललेली त्यांना भेटली. बाजीराव तेव्हा कानपुराजवळ ब्रह्मावर्तास होता, म्हणजे ती धन्यामागोमाग निघाली असणार. तिच्याजवळ दीड लाखाचा ऐवज होता. तीन दिवस ती सर्व मंडळी ठगांच्या मुठीत होती, आणि तरीही त्यांनी त्यांना जाऊ दिले. कारण, तो म्हणतो, ती फार रूपवती होती आणि तिच्याशी बोलता बोलता आमच्या मनात ममता उपजली. हे खरे की स्वतःच्या कोमल हृदयाचे प्रदर्शन करण्यासाठी केलेली बतावणी, कोण सांगणार! पण खरे मानले तरी त्यातून निघते ते इतकेच, की स्त्रीचा जीव वाचला तर तो शास्त्रामुळे नव्हे, एखाद्याच्या लहरीमुळे. शास्त्राला वळसा घालण्याची रीतही ठगांनीच सांगितली आहे: एखादी धनाढ्य म्हातारी सापडली तर टोळीतील एकाला लुटीचा जादा वाटा कबूल करीत, आणि तो ते पाप स्वतःच्या शिरावर घेई.

दुसरी उपपत्ती स्लीमनची. ऑक्टोबर 1830 मध्ये कलकत्त्याच्या एका साहित्यपत्रात नाव न घालता लिहिलेल्या पत्रात त्याने मिर्झापूरजवळच्या विंध्याचलच्या देवीकडे बोट दाखवले आणि सांगितले की हा एक अखिल हिंदुस्थानव्यापी, वंशपरंपरागत पंथ आहे, धर्मबुद्धीने खून करणारा. या मताची फलश्रुती दूरवर गेली. पंथ म्हटला की पंथात असणे हाच गुन्हा ठरवता येतो. आणि 1836 च्या तिसाव्या कायद्याने नेमके तेच केले. ठगांच्या टोळीत कधीही सामील होता एवढे सिद्ध झाले की जन्मठेप व सक्तमजुरी, मग विशिष्ट खून शाबीत होवो वा न होवो, गुन्हा कंपनीच्या हद्दीत घडलेला असो वा बाहेर. प्रेताला नाव नाही, फिर्यादी नाही, मुद्देमाल वाटून संपलेला, अशा ठिकाणी नेहमीचा कायदा लंगडा पडतो हे खरे. आणि स्लीमनच्या धडपडीवाचून सलोहद्याची माती कोणी उकरली नसती हेही तितकेच खरे. परंतु ज्याचे प्राण आणखी नावे सांगण्यावर टांगलेले आहेत अशा माणसाच्या तोंडून आलेल्या नावांवर शेकडो लोकांना फाशी व काळे पाणी झाले, ही गोष्ट कितीही सद्हेतू मान्य केला तरी मनाला बोचत राहते. पुढे जेम्स स्लीमन या त्याच्या नातवाने 1933 साली आपल्या पुस्तकाच्या नावातच ‘दहा लाख खून’ घातले. त्या आकड्याला आधार नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या अभ्यासकांनी या चित्राची उलटतपासणी केली. हिरालाल गुप्त यांनी 1959 मध्ये धर्माऐवजी बेकारीवर भर दिला: संस्थानांच्या फौजा मोडल्या, शिपाई उघड्यावर पडले, आणि हा धंदा फोफावला तो इंग्रजी राजवटीच्या विस्तारामुळेच. स्टुअर्ट गॉर्डन यांनी 1969 मध्ये माळव्याच्या दप्तरांवरून दाखवले की राज्य उभारू पाहणारे पुंड आणि वाटमारे यांच्यातली सीमारेषा तेव्हा फार पुसट होती, आणि ज्याला इंग्रज ठग म्हणत त्या वेगवेगळ्या, स्थानिक टोळ्या होत्या. राधिका सिंघा यांनी कायद्याच्या बाजूने पाहून ‘ठग’ हा वर्गच सरकारच्या सोयीने कसा घडवला गेला ते मांडले. काहींनी तर सारे प्रकरण हे साहेबाच्या कल्पनेतले भूत होते असे म्हणण्यापर्यंत मजल नेली. किम वॅग्नर यांनी 2007 च्या ग्रंथात मधली वाट शोधली आहे: चंबळकाठच्या सिंदौस परगण्यात ठग हे जमीनदारांचे उघड आश्रित होते, लुटीतून धन्याला वाटा देत, आणि 1812 साली तेथे लेफ्टनंट मॉन्सेल मारला गेल्यावर इंग्रजांनी तो परगणा मोडून काढला तेव्हा त्या टोळ्या बुंदेलखंडाकडे व दक्षिणेकडे पांगल्या.

या सर्वांना राहुटीखालच्या स्त्रीपाशी आणून उभे केले तर काय होते? धर्मपंथाची उपपत्ती मला तेथे कोसळताना दिसते. देवीच्या आज्ञेनेच जे मारीत, त्यांनी देवीने वर्ज्य केलेलीला का मारावे? उत्तर सरळ आहे. ती कावडवाल्यांबरोबर होती, तिने चेहरे पाहिले होते, आणि सोडली असती तर पुढच्या गावात बोलली असती. लखनादौनचे तान्हे मूल तर बोलूही शकत नव्हते; तेही ओळख पटेल या भीतीनेच गाडले गेले. शकुन, कुदळीची पूजा, गुळाचा प्रसाद हे सारे खरे असेल, आणि होतेच. पण निर्णायक क्षणी नियम वाकला तो लोभापुढे आणि भीतीपुढे. बेकारीच्या उपपत्तीने धंद्यात माणसे का आली हे समजते. परंतु हा व्यवसाय कंपनीच्या अमलापूर्वीही चालू होता, आणि शिवाय भूक हे तान्ह्या मुलावर माती लोटण्याचे कारण होऊ शकत नाही. आणि जे म्हणतात की हे भूत साहेबाने रचले, त्यांनी त्या पाच फुटांखालच्या अस्थींचे काय करायचे ते सांगावे. माफीच्या साक्षीदाराची जबानी खोटी असू शकते, अतिशयोक्त तर असतेच. पण हिरवळीखालची नेमकी जागा इतक्या वर्षांनी दाखवता येते ती तेथे स्वतः उभा असलेल्यालाच. वॅग्नरांच्या मताकडे माझा कल आहे तो यामुळे, की आश्रयदाता जमीनदार, डोळेझाक करणारा गाव, आणि चौकशीच्या हेलपाट्यांना भिऊन विहिरीतले प्रेत मुकाट्याने बुजवून टाकणारी रयत, यांच्यावाचून इतकी माणसे नाहीशी होऊच शकत नाहीत.

फिरंगियाच्या नावाची एक हकीकत आहे. दौलतराव शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याच्या पलटणींनी ठगांचे गाव जाळले तेव्हा त्याची आई दिवस भरलेली होती. ती जीव घेऊन पळाली, वाटेत वेणा लागल्या, आणि त्या धावपळीत मूल जन्मले. फिरंग्यांच्या हल्ल्यात जन्मले म्हणून ते फिरंगिया. पुढे तो मोठा जमादार झाला, कोणाच्या हाती लागेना, तेव्हा सरकारी शिपायांनी त्याची आई, बायको आणि मूल यांना अटक करून ठेवले. त्यांना सोडून दूर जाणे त्याच्याने होईना, आणि तो सापडला तो त्यामुळेच. आगीतून पळालेल्या त्या गर्भिणीचे जे हाल झाले त्यांबद्दल मला करुणाच वाटते, तिच्या मुलाने पुढे काय केले हे माहीत असूनही.

माफीचे साक्षीदार सुटले नाहीत. त्यांना जबलपूरातच ठेवण्यात आले. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलांसाठी स्लीमन व कॅप्टन ब्राउन यांनी तेथे उद्योगशाळा काढली, आणि एके काळी रुमाल फिरवणारे हात तंबू शिवू लागले, गालिचे विणू लागले. जबलपूरचे तंबू पुढे फार नावारूपाला आले. स्लीमनने या मंडळींना समोर बसवून एकेका जमादाराचे घराणे विचारले आणि त्यांच्या वंशावळी तयार केल्या: कोणाचा बाप कोण, कोणाचा चुलता कोण, दत्तक कोण, फासावर कोण गेला, कोण अजून फरार आहे. पिढ्यान् पिढ्यांची ती नावे ‘रामसीआना’त छापलेली आहेत आणि आजही वाचता येतात. सलोहद्याच्या नोंदीत पंडिताचे नाव नाही, हवालदाराचे नाही, कावडवाल्यांचे नाही. आणि त्यांच्यापुढे, ओळीच्या शेवटी, दोनच शब्द आहेत: एक स्त्री.